पांढऱ्या पानावरची पांढरी नावं

आमच्या सोसायटीत बातमी लिफ्टने फिरते. तळमजल्यावर आत शिरते तेव्हा एवढीशी असते, सहाव्या मजल्यावर उतरते तेव्हा तिला मिशा फुटलेल्या असतात.

त्या शुक्रवारची बातमी अशी होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या रामटेक्यांच्या संघपालला नोकरीवरून काढलं. "निकाल दिया जी, सीधा बाहर," दुसऱ्या मजल्यावरच्या खन्नाआंटी म्हणाल्या. चौथ्या, म्हणजे आमच्या, मजल्यापर्यंत त्यात हॅकिंग आलं. म्हणे त्याने पानिपतच्या कुणा शेठची वेबसाइट हॅक केली. पाचव्या मजल्यावर कळलं, की त्या वेबसाइटवर त्याने स्वतःचं नाव टाकलं, आईचं टाकलं, अख्ख्या खानदानाचं टाकलं. आणि पुरावा? "सुबह साढ़े दस बजे मॉल में पिक्चर की लाइन में खड़ा था! वर्किंग डे को! नौकरीवाला आदमी साढ़े दस बजे पिक्चर देखता है क्या?"

ह्यातलं पिक्चरचं खरं आहे. आईचं नाव टाकलं तेही खरं. बाकी सगळी मिशी. नोकरी गेली नव्हती, टांगणीला लागली होती. हॅक वगैरे तर काहीच नाही, कारण ती साइट त्यानेच बनवली होती. स्वतःच्या घराचं कुलूप कोण फोडतो? आणि स्वतःच्या नावाचं म्हणाल, तर त्या पानावर सत्तावीस नावं होती आणि त्याचं नव्हतं.

तर हा संघपाल. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा, समोर मी दादाच म्हणते. इथे मात्र नुसतं संघपाल लिहिणार आहे. पिक्चरच्या शेवटी नावं येतात त्यात कुठे कुणाला दादा म्हटलेलं असतं?

नोएडातल्या एका ऑफिसात तो वेब डेव्हलपर आहे. म्हणजे कुणाला दुकानाची, शाळेची, दवाखान्याची वेबसाइट हवी असली की ती तो बनवतो. मयूर विहारहून मेट्रोने जातो, मेट्रोने येतो, आणि आठवड्यातून निदान एक पिक्चर बघतो. कुठलाही. हिंदी, मराठी आला तर मराठी, मल्याळम असला तर खालच्या ओळी वाचत. पिक्चर वाईट असतो हेच त्याला मान्य नाही. सगळं थिएटर शिव्या देत उठलं तरी हा म्हणणार, "नाही पण, पावसाच्या सीनमध्ये त्या लोकांनी किती पाणी वाहून आणलं असेल, विचार कर."

आणि पिक्चर संपला की हा उठत नाही. दिवे लागतात, लोक पॉपकॉर्न तुडवत बाहेर पडतात, झाडूवाली ताई येते, आणि हा तिथेच, पडद्याकडे तोंड करून.

"भैया, हो गया?"

"बस दो मिनट, दीदी. अभी ड्रायव्हर लोगों के नाम आ रहे हैं."

पूर्वी ती वैतागायची. आता ती पहिल्या रांगेपासून सुरुवात करते आणि ह्याची रांग शेवटी ठेवते.

ही खोड त्याला त्याच्या बाबांकडून लागली. शामराव रामटेके, मूळचे पुलगावचे, एका मंत्रालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. इथल्या, म्हणजे दिल्लीतल्या, मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन शामरावांचं, हे तीस वर्षं ठरलेलं आहे. आभारप्रदर्शन म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. प्रमुख पाहुणे बसतात, टाळ्या संपतात, मागून भाजीचा वास येतो आणि खुर्च्या सरकायला लागतात. नेमक्या त्या क्षणाला शामराव माइकजवळ येतात. खिशातून चिठ्ठी काढतात, तिची चौथी घडी उलगडतात, घसा साफ करतात.

"आजच्या ह्या... मंगल प्रसंगी... सर्वप्रथम..."

सर्वप्रथमच्या आत निम्मा हॉल ताटांच्या रांगेत पोचलेला असतो. शामरावांना त्याचं काही नाही. ते पाहुण्यांपासून सुरू करतात आणि मंडपवाला, माइकवाला, सतरंज्या उचलणारे, पाण्याचे जार आणणारा, असं करत शेवटच्या माणसापर्यंत जातात. एकही नाव गाळत नाहीत, आणि पूर्ण नाव घेतात. "श्री. राजू" असं नाही. आधी जाऊन राजूला आडनाव विचारून येतात.

संघपाल आठ वर्षांचा असताना चिठ्ठी धरायला त्यांच्याबरोबर उभा राहायचा. एकदा त्याने विचारलं, "बाबा, कुणीच ऐकत नाही. मग कशाला वाचता?"

शामराव चिठ्ठीतून मान न काढता म्हणाले, "ज्याचं नाव आहे तो ऐकतो. बघ मागे."

संघपालने मागे पाहिलं. हॉलच्या दारात वायर गुंडाळणारा माणूस वायर तशीच हातात धरून उभा होता. त्याचं नाव आत्ताच घेऊन झालं होतं.

त्यानंतर शामराव त्याला पिक्चरला न्यायचे तेव्हा दोघंही शेवटपर्यंत बसायला लागले. बाप म्हणायचा, हे बघ, ह्यांचं आभारप्रदर्शन आपल्यापेक्षा मोठं असतं.

मोठा होऊन पोरगा वेब डेव्हलपर झाला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्या धंद्यात आभारप्रदर्शनच नाही. पिक्चरमध्ये चहा देणाऱ्याचंही नाव येतं. वेबसाइटवर मालकाचं नाव येतं, मालकाच्या आजोबांचा फोटो येतो आणि बनवणारे गायब. मग त्याने एक युक्ती काढली. प्रत्येक साइटच्या पहिल्या पानाच्या तळाशी, जिथे पांढरी जागा उरते, तिथे तो पांढऱ्याच अक्षरांत नावं लिहायला लागला. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला काय दिसणार? कळायचं कारणच नव्हतं.

दोनदा कळलं.

पहिल्यांदा एका दंतवैद्याच्या साइटवर. दुसऱ्यांदा एका शाळेच्या साइटवर. शाळेतली मुलं रिकाम्या जागी उगाच माऊस ओढत बसली होती. माऊस ओढला की अक्षरांवर निळा पट्टा येतो, आणि निळ्यावर पांढरं लख्ख दिसतं. त्या पट्ट्यात शाळेच्या शिपायाचं नाव निघालं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकेने नाही वाजवल्या.

संघपालचा बॉस गौरव. माणूस वाईट नाही, फक्त श्वास न घेता बोलतो. "भाई देख, तू मेरा बेस्ट आदमी है, मैं मानता हूँ, सब मानते हैं, लेकिन ये जो तू नाम-वाम डालता है ना यार, ये क्लायंट का घर है, हमारी दीवार नहीं है, एक बार और किया ना, तो तेरी नौकरी का द एंड मैं खुद लिख दूँगा, चल, चाय पिएगा?"

संघपालने चहा घेतला आणि शब्द दिला, की ह्यापुढे क्लायंटला नावं दिसणार नाहीत. दिसणार नाहीत असं म्हणाला तो. लिहिणार नाही असं म्हणाला नाही. पण हे त्याने मला नंतर सांगितलं.

मग आलं पानिपतचं काम. बत्राजी म्हणून एक कारखानदार, सतरंज्या आणि ब्लँकेटं बनवणारे. त्यांना साइट हवी होती, आणि ती आवडली तर त्यांच्या सगळ्या दुकानांचं दोन वर्षांचं काम गौरवच्या कंपनीला मिळणार होतं. फोटोंसाठी संघपाल तीन दिवस पानिपतला जाऊन राहिला. गेला फोटो काढायला आणि परत आला वहीभर नावं घेऊन. बापासारखाच, आडनावासकट.

साइट सुरेख झाली. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे दाखवायच्या आदल्या दिवशी, गौरव खुर्ची सरकवत आला. "भाई एक छोटी सी चीज, डार्क मोड डाल दे ना, आजकल सबको डार्क चाहिए, आधे घंटे का काम है तेरे लिए."

डार्क मोड म्हणजे ज्याने आपला फोन काळ्या पडद्यावर ठेवला असेल, त्याला साइटही काळी दिसावी. पान काळं करायचं आणि काळी अक्षरं पांढरी. संघपालने पान काळं केलं. पानावरची काळी अक्षरं एकेक करून पांढरी केली. जी आधीपासून पांढरीच होती त्यांना हात लावायचं कारणच पडलं नाही. आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप पांढऱ्या पडद्याचा. वरवर एकदा बघितलं, ठीक वाटलं, घरी आला.

गुरुवारी पानिपत. बत्राजींच्या ऑफिसात भिंतीवर हा एवढा टीव्ही. संघपाल लॅपटॉप काढायला लागला तर बत्राजी म्हणाले, "ओ छड्डो जी, लोग तो फोन पे ही देखेंगे. मैं भी फोन पे देखूँगा." आणि त्यांनी स्वतःचा फोन टीव्हीला जोडून दिला.

फोन डार्क मोडवर होता.

टीव्ही काळाभोर झाला. सतरंज्यांचे रंग त्यावर असे उठून आले, की हिशेब बघणाऱ्या मुनीमजींच्या तोंडून "वाह" गेलं. गौरवने टेबलाखालून संघपालला अंगठा दाखवला. बत्राजी बोटाने पान वर सरकवत गेले. सतरंज्या संपल्या, ब्लँकेटं संपली, पत्ता आला, फोन नंबर आला. साइट तिथे संपायला हवी होती. पण बत्राजींचं बोट थांबलं नव्हतं.

काळ्या पडद्यावर खालून पांढरी नावं वर यायला लागली. अगदी थिएटरमध्ये येतात तशी.

*रंग: रामफल. माग: नसीमा, जगबीर. शिलाई: संतोष देवी.* बत्राजी एकेक मोठ्याने वाचत होते, शाळेतल्यासारखं, आडनावासकट; इथे मी थोडक्यात लिहितेय. *वीज गेल्यावर जनरेटर: बिजेंदर. फोटोसाठी खिडकी उघडून धरणारे: मुनीम ओमप्रकाशजी. तीन दिवस चहा: काला, गेटवाला. डबा: भीमाबाई रामटेके.* आणि सगळ्यात शेवटी, सत्ताविसावं: *वैतागूनही चहा पाजणारा: गौरव.*

गौरव टीव्हीकडे बघत नव्हता, संघपालकडेही नाही. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

"ये रामफल कौन?" बत्राजींनी विचारलं.

"जी, अपना रामफल," मुनीमजी म्हणाले. "रंगाई वाला. इकतीस साल हो गए."

"बुलाओ."

रामफल आला. कोपरापर्यंत हात निळे. बत्राजींनी टीव्हीकडे बोट केलं. "तेरा नाम है ऊपर. पढ़ ले."

रामफलला वाचता येत नव्हतं. मुनीमजींनी वाचून दाखवलं. तो पडद्याजवळ गेला आणि आपल्या हरियाणवीत, जिच्यात कोनी म्हणजे नाही, म्हणाला, "जी, यो गलत सै. मैं एकला कोनी था. भट्ठी तो सुमेर चलावै सै. उसका नाम कोनी लिख्या?"

संघपालला त्या घडीला खरं तर स्वतःच्या नोकरीचं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. आपण तीन दिवस तिथे होतो आणि सुमेर राहून गेला. त्याने वही काढली आणि तिथल्या तिथे लिहून घेतलं.

"डायरी रख," गौरव दातांतून म्हणाला. "डायरी रख दे, मेरे बाप."

बत्राजी उठले, खिडकीशी गेले. "साइट बढ़िया है जी. पर ये नाम... कारखाना मेरा, पैसा मेरा, और नीचे बिजेंदर जनरेटर वाला?" मग परत येऊन फोन टीव्हीपासून सोडवला. "सोमवार को बताता हूँ."

परतीचा सगळा हायवे गौरव गप्प होता. गौरव गप्प आहे म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल. मयूर विहारला उतरवताना एवढंच म्हणाला, "सोमवार तक ऑफिस मत आना. हाँ बोला तो आ जाना. ना बोला तो..." आणि काच वर केली.

घरी कुणाला सांगावं असं संघपालला वाटेना. नोकरीपेक्षा तेच जड जात होतं. बाबांना काय सांगायचं? आभार मानले म्हणून काढलं?

म्हणून शुक्रवारी तो नेहमीच्या वेळी डबा घेऊन घरातून निघाला आणि साडेदहाच्या पिक्चरला जाऊन बसला. माझी परीक्षा संपली होती, मीही तिथेच होते. मला लोकांचे आवाज काढता येतात म्हणून तो मला टेपरेकॉर्डर म्हणतो. इंटरव्हलमध्ये आईच्या डब्यातली झुणका-भाकरी चोरून खाताना त्याने मला सगळं सांगितलं. मी लगेच गौरव काढला, बत्राजी काढले, रामफल काढला. तो हसला. तोंडातला घास सांभाळत हसला, पण हसला.

"नावं काढायला लावणार ते," मी म्हटलं. "सोमवारी पहिला फोन तोच. हे शेठ लोक स्वतःचं नाव गेटवर तीनदा लिहितात, दादा. लगा शर्त."

"नाही काढणार."

"कशावरून?"

"वाचत होते ना ते, मोठ्याने. ज्याला नको असतं तो मोठ्याने वाचत नाही." मग म्हणाला, "चल, लावली. हरलीस तर ह्या जयंतीला बाबांच्या जागी आभारप्रदर्शन तू करायचंस. त्यांचा गुडघा आताशा उभं राहू देत नाही."

"एवढंच? शामरावकाका तर मी झोपेतही काढते! आजच्या ह्या... मंगल प्रसंगी..."

"नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या आवाजात."

पिक्चर टुकार होता. संपल्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. नावं वर जात होती आणि तो पुटपुटत वाचत होता. ज्याच्या स्वतःच्या नोकरीचा पत्ता नाही तो माणूस कुणा लाइटवाल्याच्या मदतनिसाचं नाव पूर्ण वाचतो, आडनावासकट. मला तेव्हा चेष्टा सुचली नाही. एरवी मला ती कधीही सुचते.

संध्याकाळी लिफ्टने आपलं काम केलेलं होतंच; इंटरव्हलमधले माझे आवाज सोसायटीतल्या कुणीतरी ऐकले असणार. संघपाल घरी पोचला तर शामराव दारात खुर्ची टाकून बसलेले.

"संघा, लिफ्टमध्ये काय काय ऐकतोय मी."

"बाबा, तसं नाही. म्हणजे, थोडं तसं." आणि त्याने सांगून टाकलं. डार्क मोड, टीव्ही, सोमवार, सगळं.

शामराव ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "किती नावं होती?"

"सत्तावीस."

"मंडपवाला?"

"वेबसाइटला मंडप नसतो, बाबा."

"बरं. वीजवाला तरी?"

"होता. बिजेंदर."

"आडनाव?"

"मलिक."

"मग ठीक आहे," शामराव म्हणाले आणि आत वळून हाक मारली, "अहो, वाढा. पोरगं घरी आलंय." भीमाबाई आतून म्हणाल्या, "माझं नाव कुठल्या नंबरावर होतं, ते विचारा आधी."

सोमवारी सकाळी अकरा वाजले तरी फोन नाही. संघपालने दाढी केली. कपडे घालून बसला. साडेअकराला फोन वाजला आणि तो बत्राजींचा नव्हता, गौरवचा होता. श्वास न घेता.

"भाई सुन, बत्राजी बहुत नाराज हैं, बहुत ज्यादा, बोल रहे हैं इतने नाम डाले, काले गेटवाले का डाला, और मेरी बीजी का नाम कहाँ है?"

बीजी म्हणजे बत्राजींची आई. फाळणीनंतर पानिपतला येऊन पहिला माग तिने टाकला होता, घराच्या व्हरांड्यात. कारखान्यात तिचा फोटोही नव्हता आणि ते इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बत्राजींच्याही नाही. नावं राहू द्या, ते म्हणाले होते. पांढरी नकोत, काळी करा, सगळ्यांना दिसू द्या. वर बीजी. खाली सगळे. आणि मुनीमजींनी कारखान्यात फिरून राहिलेली नावं गोळा केली होती, आता एकसष्ट झाली होती. सुमेर त्यात होता.

"दो साल का काम पक्का," गौरव म्हणाला, आणि प्रथमच श्वास घेतला. "और सुन. मेरा नाम... वो वैताग का मतलब क्या होता है?"

"प्यार से थका हुआ," संघपालने सांगितलं.

"हाँ तो ठीक है. रहने दे. ऑफिस आ."

तो निघण्याआधी चौथ्या मजल्यावर आला, बेल वाजवली आणि माझ्या हातात एक कोरी चिठ्ठी ठेवली. चार घड्या घातलेली.

चौदा एप्रिलला हॉल गच्च भरला होता. पाहुणे बोलून बसले, टाळ्या झाल्या, मागून भाजीचा वास आला आणि खुर्च्या सरकायला लागल्या. मी माइकजवळ गेले. मला बारा जणांचे आवाज येतात आणि तेव्हा एकही आठवेना. राहिला तो माझा, आणि तो जरा किनरा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी वाचायला लागले. सातव्या नावापर्यंत हॉल रिकामा झाला. दोन माणसं बसून होती. गुडघ्यावर हात ठेवून शामराव. आणि त्यांच्या शेजारी संघपाल, थिएटरमध्ये बसतो अगदी तसा, मान जरा वर करून. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतं, कारण चिठ्ठी त्याच्या देखत लिहिली होती. मी ते मध्येच घुसडलं, आडनावासकट, मला पैजेत हरवल्याबद्दल. तो खुर्चीत चुळबुळला.

तेविसावं नाव माइकवाल्याचं होतं. हरपाल सिंग. तो माझ्या पायाशी बसून वायर गुंडाळत होता. गुंडाळायचा थांबला.